पर्यंत म्हणजे टिल की बाय? सारखे वाटणारे इंग्रजी शब्द वेगळे कसे करायचे

माझी पहिली नोकरी, क्लायंट अमेरिकेतला, आणि एका सोमवारी मी मोठ्या ऐटीत मेल टाकला, "आय विल वर्क ऑन द रिपोर्ट टिल फ्रायडे." माझ्या मते मी सांगितलं होतं की रिपोर्ट शुक्रवारपर्यंत देतो. रात्री उत्तर आलं, ठीक आहे, पण मग रिपोर्ट मिळणार कधी? मी वैतागलो, एवढं स्वच्छ लिहिलंय तरी विचारतात काय ही माणसं. टीममधल्या एका ताईंनी मेल वाचला आणि हसतच सुटल्या, म्हणाल्या, "अरे तू लिहिलंयस की शुक्रवारपर्यंत मी त्याच्यावर काम करत बसणार आहे. देणार कधी ते कुठे लिहिलंयस?"

त्या दिवसापासून मला हा नाद लागला. आधी मी पण सगळ्यांसारखंच करायचो, नेटवर अमुक व्हर्सेस तमुक अशा याद्या असतात त्या वाचायच्या, स्क्रीनशॉट काढायचे आणि दोन दिवसांत विसरून जायचं. मग हळूहळू लक्षात आलं की घोळ इंग्रजीत नसतोच बहुतेक वेळा, घोळ आपल्या मराठी शब्दात असतो. आपला एक शब्द दोन कामं करतो आणि इंग्रजीत त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत, आपण डोक्यात मराठी वाक्य तयार करतो आणि मग जो शब्द आधी आठवेल तो चिकटवतो. म्हणून इंग्रजी जोडी पाठ करत बसू नका, आधी बघा की त्या दोघांच्या मागे उभा असलेला मराठी शब्द कोणता आणि त्या शब्दाची मराठीतच चाचणी घेता येते का. येते. जवळजवळ दरवेळी येते.

पर्यंतचंच घ्या. "सहा वाजेपर्यंत थांब" आणि "सहा वाजेपर्यंत पोच" या दोन वाक्यांत पर्यंत सारखाच दिसतो, पण थांबणं हे सहा वाजेस्तोवर चालूच राहणार आहे आणि पोचणं हे एकदाच होणार आहे, सहाच्या अलीकडे कधीतरी. चालू राहणारं असेल तर टिल किंवा अन्टिल, एकदाच व्हायचं असेल तर बाय. आता चाचणी. पर्यंत काढून तिथे "च्या आत" घालून बघा. "सहाच्या आत पोच" हे बरोबर वाटतं, "सहाच्या आत थांब" हे कानाला खटकतं. जिथे "च्या आत" बसतं तिथे बाय. फक्त एक लक्षात ठेवा, "शुक्रवारच्या आत" म्हटलं की आपण शुक्रवार सोडून बोलतो आणि "बाय फ्रायडे" मध्ये शुक्रवार धरलेला असतो, तेव्हा चाचणी शब्द निवडण्यापुरतीच वापरा, डेडलाइन मोजायला नको.

खरी गंमत नकारात आहे. "आय कान्ट गिव्ह इट टिल फ्रायडे" म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत मिळणार नाही, शुक्रवारी मिळेल. "आय कान्ट गिव्ह इट बाय फ्रायडे" म्हणजे शुक्रवार पण हुकणार, पुढच्या आठवड्याचं बघा. मराठीत दोन्हीला आपण "शुक्रवारपर्यंत नाही जमणार" म्हणून मोकळे होतो आणि समोरचा मराठी माणूस आपल्या आवाजावरून ओळखतो की नक्की काय ते. मेलमध्ये आवाज नसतो ना.

पर्यंतचा भाऊ म्हणजे पासून. "सिन्स फाइव्ह इयर्स" हे आपल्याकडे इतकं चालतं की बायोडेटामध्ये पण सापडतं. कारण उघड आहे, आपण "पाच वर्षांपासून" पण म्हणतो आणि "2019 पासून" पण म्हणतो, दोन्हीकडे पासून. इंग्रजीला मात्र विचारायचं असतं की तुम्ही सुरुवात सांगताय की लांबी सांगताय. सुरुवात सांगत असाल तर सिन्स, म्हणजे सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. लांबी सांगत असाल तर फॉर, फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू आवर्स. इथली चाचणी म्हणजे "गेली" किंवा "गेले" लावून बघायचं. "गेली पाच वर्षं मी पुण्यात राहतोय", बसलं, म्हणून फॉर. "गेलं 2019 मी पुण्यात राहतोय" असं कोणी म्हणत नाही, म्हणून सिन्स. आणि हो, दोन्हीकडे क्रियापद "आय ॲम लिव्हिंग" नाही तर "आय हॅव बीन लिव्हिंग" घ्यायचं, मराठीत आपण सरळ वर्तमानकाळात "राहतो" म्हणतो म्हणून इथे पण पाय घसरतो.

आता माझा सगळ्यात आवडता शब्द, शंका. कॉलेजमध्ये हात वर करून "सर, आय हॅव अ डाउट" म्हणत आपण सगळे मोठे झालो, आणि इथे भारतात त्यात काही बिघडत नाही, सरांना पण कळतं. पण बाहेरच्या माणसाला "आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन" म्हटलं की त्याला वाटतं याला माझं डिझाइन पटलेलं नाही, आणि तो बिचारा बचाव करायला लागतो. मी एका कॉलवर हे केलंय, पलीकडे पाच सेकंद शांतता, आणि मला फक्त एका बटणाचा रंग विचारायचा होता. हे सोडवायची किल्ली मराठीतच आहे बघा. शंका विचारली आणि शंका घेतली यात किती फरक आहे! विचारायची शंका म्हणजे क्वेश्चन, घ्यायची शंका म्हणजे डाउट. क्रियापद बदला की अर्थ उघडा पडतो. ही युक्ती बऱ्याच शब्दांना चालते, नुसतं नाम घेऊन बसू नका, त्याच्याबरोबर मराठीत कुठलं क्रियापद येतंय ते बघा.

सावलीला पण तीच युक्ती लागते. सावलीत बसतो ती शेड. सावली पडते ती शॅडो. शॅडोला आकार असतो आणि मालक असतो, माझी शॅडो, खांबाची शॅडो, मांजराची शॅडो. शेड म्हणजे नुसती ऊन न लागणारी जागा. आपल्याकडे दरवर्षी शून्य सावली दिवसाच्या बातम्या येतात ना, आख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, पुण्या-मुंबईकडे एकदा मे महिन्याच्या मध्याला आणि परत जुलैच्या शेवटी, पण जुलैत ढगांमुळे कोणाला पत्ता लागत नाही. त्या दुपारी सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गडप होते. त्याला इंग्रजीत झिरो शॅडो डे म्हणतात, झिरो शेड डे नाही म्हणत, कारण त्याच वेळी बाजूच्या वडाखाली लोक मस्त शेडमध्ये बसून पेपर वाचत असतात. हे एक चित्र डोक्यात ठेवलं की ही जोडी परत चुकत नाही.

हवामान हा पण असाच डबल ड्युटी करणारा शब्द. हवामानाचा अंदाज म्हणजे वेदर फोरकास्ट आणि हवामान बदल म्हणजे क्लायमेट चेंज, मराठीत दोन्हीकडे हवामान. भारतीय हवामान विभाग 1875 पासून आहे, ते रोज सांगतात ते वेदर, आणि क्लायमेट ठरवायला साधारण 30 वर्षांची सरासरी धरतात, सध्या 1991 ते 2020 चा काळ वापरतात. चाचणी सोपी, वाक्याला "आज" लावा. "आज हवामान ढगाळ आहे" चालतं, वेदर. "आज कोकणचं हवामान दमट असतं" हे वाक्य उभंच राहत नाही, म्हणून ते क्लायमेट. आणि गार वारा सुटला म्हणून कोणी "कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग" म्हणायला लागलं तर समजायचं की त्याच्या डोक्यात पण एकच हवामान आहे.

शरीराचे अवयव पटकन उरकतो. पाय म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत लेग आणि घोट्याखाली फूट. हात म्हणजे मनगटापर्यंत आर्म आणि पुढे हँड. बोट हाताचं असेल तर फिंगर, पायाचं असेल तर टो, आणि अंगठा पण तसाच, हाताचा थम, पायाचा बिग टो. आपल्याकडे पाऊल, दंड, मनगट हे सगळे शब्द आहेत पण दुखायला लागलं की आपण पायच म्हणतो आणि डॉक्टर विचारतात "कुठे, दाखवा". परदेशात फोनवर अपॉइंटमेंट घेताना दाखवता येत नाही एवढंच.

बंद कर हा घरातला शब्द. दार बंद कर, पंखा बंद कर, नळ बंद कर. त्यामुळे "क्लोज द फॅन" जन्माला येतं. इथे विचारायचं की ती वस्तू उघडून आत डोकावता येतं का. दार, खिडकी, डबा, कपाट, पुस्तक यांना क्लोज. वीज, पाणी, गॅस वाहायचा थांबवायचा असेल तर टर्न ऑफ, विजेच्या वस्तूला स्विच ऑफ पण चालतं. पंखा उघडून आत कोणी डोकावत नाही, वायरमन सोडला तर.

आतापर्यंत सगळी रड मराठीतल्या एका शब्दाची झाली. पण उलटं पण आहे, आणि ते लोक वापरतच नाहीत याचं मला वाईट वाटतं. से, टेल आणि स्पीक यांच्यावर क्लासवाले अर्धा तास घालवतात. आपल्याकडे तीन शब्द तयार आहेत, म्हणणे, सांगणे, बोलणे. तो म्हणाला, ही सेड. त्याने मला सांगितलं, ही टोल्ड मी. ती मराठी बोलते, शी स्पीक्स मराठी. मराठीत सांगताना कोणाला हे बहुतेक वेळा येतंच, टेलला पण तसंच माणूस लागतो, म्हणून "ही टोल्ड दॅट" असं अधांतरी ठेवायचं नाही, "ही टोल्ड मी दॅट" म्हणायचं किंवा मग सरळ "ही सेड दॅट". एकच खड्डा आहे, आपल्या "मला" मधला "ला" आपण भाषांतर करायला जातो आणि "टोल्ड टू मी" होऊन बसतं. टेलला टू लागत नाही. सेला लागतो, ही सेड टू मी.

तसंच दिसणे आणि बघणे. मला दिसलं म्हणजे सी, मी बघितलं म्हणजे लुक, मी बघत बसलो म्हणजे वॉच. मुद्दाम केलं की आपोआप झालं हा फरक आपण मराठीत जन्मापासून करतोय. ऐकू येणे आणि ऐकणे म्हणजे हिअर आणि लिसन, त्याच साच्यातलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये हे कामाला येतं बघा. "माझा आवाज येतोय का?" याचं इंग्रजी "कॅन यू हिअर मी?" असं आहे. आमच्या टीममधला एक नवीन मुलगा दर दोन मिनिटांनी "आर यू लिसनिंग टू मी?" विचारायचा, बिचाऱ्याचं नेट खराब होतं म्हणून, पण पलीकडच्याला ते "ऐकतोयस ना रे, लक्ष कुठाय?" असं मास्तरांच्या थाटात ऐकू जायचं.

शिकणे-शिकवणे म्हणजे लर्न-टीच, आठवणे आणि आठवण करून देणे म्हणजे रिमेंबर आणि रिमाइंड, यात आपल्याला अडचण यायचं कारणच नाही. उसने घेणे बॉरो, उसने देणे लेंड, इथे मात्र दोन्हीकडे "उसने" ऐकून गडबड होते, माझा भाचा नववीत आहे, तो मित्राला "बॉरो मी युवर पेन" म्हणून आला. त्याला म्हटलं, मराठीत तू काय म्हणालास? "पेन दे." दे म्हणजे लेंड. संपलं. घेऊ का म्हणाला असतास तर बॉरो.

येणे-जाणे सोपं वाटतं पण त्यात आपला एक संस्कार आडवा येतो. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. माझा एक मित्र बाहेर शिकायला गेला होता, घरमालकीणबाई म्हाताऱ्या आणि प्रेमळ, पहिल्याच आठवड्यात हा बॅग अडकवून दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "ओके, आय विल कम." बाई दार धरून उभ्याच. हा चालू लागला, त्यांना वाटलं काहीतरी आणायला गेला, आत्ता येईल. संध्याकाळी तो परतल्यावर त्यांनी विचारलं, बरा आहेस ना? इंग्रजीत तिथे नुसतं "बाय" किंवा "सी यू लेटर" म्हणायचं. येतोमधला शकुन इंग्रजीत नेता येत नाही.

मग येतात ते शब्द ज्यांची मला सगळ्यात भीती वाटते, कारण ते इंग्रजी असून मराठीत राहायला आलेत आणि इथेच बदललेत, आणि आपल्याला वाटतं हे तर आपल्याला येतातच म्हणून आपण कधी डिक्शनरी उघडतच नाही. हॉटेल. आपल्यासाठी हॉटेल म्हणजे मिसळ, चहा, फार तर थाळी. तिकडे हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, खायच्या जागेला रेस्टॉरंट किंवा कॅफे. पाहुण्याला "लेट्स गो टू अ हॉटेल" म्हणायच्या आधी दोनदा विचार करा, विशेषतः पहिल्याच भेटीत. ड्रेस म्हटलं की आपल्याला सलवार-कमीज दिसते, त्यांना झग्यासारखा एकसंध कपडा. "आय पास्ड आउट इन 2015" वाचून अमेरिकन माणसाला वाटतं हा 2015 मध्ये चक्कर येऊन पडला, तिथे ग्रॅज्युएटेड म्हणायचं. ॲटिट्यूड आपल्याकडे नेहमी माज या अर्थाने, "फार ॲटिट्यूड आहे तिला", पण तिकडे त्याचा पहिला अर्थ नुसता दृष्टिकोन, चांगला पण असू शकतो. आणि ऑफिसमधला तो लाडका "प्लीज रिव्हर्ट". रिव्हर्टचा जुना आणि सगळीकडे चालणारा अर्थ पूर्वीच्या स्थितीत परत जाणे. मी एका डेव्हलपरला "प्लीज रिव्हर्ट ऑन दिस चेंज" असं लिहिलेलं, मला फक्त उत्तर हवं होतं, त्याने केलेला बदलच काढून टाकला. तेव्हापासून मी रिप्लाय लिहितो.

या गटासाठी कुठली चाचणी नाही, एकच उपाय, जो इंग्रजी शब्द तुम्ही आजीशी बोलताना पण वापरता तो इंग्रजी मेलमध्ये टाकायच्या आधी एकदा तपासायचा. आणि तपासताना इंग्रजी-मराठी डिक्शनरी नको, तिथे परत एकाच मराठी शब्दावर आणून सोडतात. इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी उघडा आणि अर्थाच्या ओळीवर फार वेळ घालवू नका, खालची उदाहरणाची वाक्यं वाचा, त्या शब्दाच्या आजूबाजूला कोण कोण बसलंय ते कळतं.

राहिले स्पेलिंगचे जुळे, त्यांचा मराठीशी काही संबंध नाही, ते सरळ पाठ करायचे. ए-वाला अफेक्ट हे बहुतेक वेळा क्रियापद, ई-वाला इफेक्ट हे नाम, पावसाने पिकावर परिणाम केला तो अफेक्ट, जो झाला तो इफेक्ट. ॲडव्हाइसमध्ये शेवटी सी असेल तर नाम, एस असेल तर क्रियापद, आणि सी-वाल्याच्या पोटात आइस म्हणजे बर्फ लपलाय, बर्फ नाम आहे, एवढं पुरतं. ब्रिटिश पद्धतीत लायसन्सचं पण तेच, म्हणून आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर सी असतो, अमेरिकेत लायसन्स नाम असो की क्रियापद, एसच लिहितात. लूज आणि लूझ, दोन ओ-वाला म्हणजे सैल, एक ओ-वाला म्हणजे हरवणे किंवा हरणे. लक्षात राहत नसेल तर लूज मोशन आठवा, तिथे दोन ओ, जास्त ओ तितकं सैल. घाण आहे पण माझ्या भाच्याच्या वर्गात आता हे कोणाचंच चुकत नाही म्हणे.

घरी करायचं असेल तर एक छोटी वही घ्या किंवा फोनमधल्या नोट्स चालतील, वर मराठी शब्द लिहा, इंग्रजी नाही, आणि त्याच्याखाली तुमच्याच आयुष्यातली दोन मराठी वाक्यं जिथे तो शब्द वेगळं काम करतो. मग प्रत्येकासमोर इंग्रजी वाक्य. माझ्या वहीत किंमतच्या खाली "कांद्याची किंमत" समोर प्राइस आहे आणि "माणसाची किंमत" समोर व्हॅल्यू. शेवटीच्या खाली "शेवटी आली एकदाची बस" समोर ॲट लास्ट, आणि "शेवटी आभार मानतो" समोर लास्टली. उंचच्या खाली बिल्डिंग टॉल आणि डोंगर हाय. रोज एक शब्द बास, आणि तो पण त्या दिवशी जो अडला तोच घ्या, यादी बघून नको.

एका शब्दाला मात्र मी हात टेकले. परवा. तो मागे पण जातो आणि पुढे पण, परवा आलो होतो, परवा येणार आहे, मराठीत क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत त्याला एका बाजूला द डे बिफोर यस्टरडे आणि दुसऱ्या बाजूला द डे आफ्टर टुमॉरो एवढी लांब आगगाडी लागते, आणि वर भारत-अमेरिका वेळेचा फरक, तिकडचा टुमॉरो इकडे उजाडलेला असतो. मी आता क्लायंटला सरळ तारीख लिहितो, आणि तारखेच्या आधी न विसरता बाय.